पदवीच्या अटी आणि शंकर पुरुषोत्तम आघारकर

बी.एस्सी.ला बायोलॉजी घ्यायचं तर काय लागतं? आपल्या भागातल्या कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात विचारा, दोन मिनिटांत उत्तर मिळतं. सेकंड पीयूसी सायन्स हवं, त्यात बायोलॉजी आणि केमिस्ट्री हवी. मग बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, भाषेचे पेपर, प्रॅक्टिकल, जर्नल आणि वाळवलेल्या वनस्पतींच्या हर्बेरियम शीट्स. एक अट मात्र कुठेच लिहिलेली नसते, तरी सगळ्यांना पाठ असते : नीटला मार्क कमी पडले असले पाहिजेत! बेळगावात काय आणि निपाणीत काय, बायोलॉजीची पदवी म्हणजे डॉक्टरकी हुकल्यावर उरलेली वाट, असंच घरोघरी धरून चालतात. मी साहित्याची विद्यार्थिनी. पण माझ्या सायन्सवाल्या मैत्रिणी हे ऐकून गप्प बसतात तेव्हा मला आघारकरांबद्दल सांगावंसं वाटतं.

शंकर पुरुषोत्तम आघारकरांचा जन्म 18 नोव्हेंबर 1884 चा, मालवणचा. शाळा झाली धारवाडला. आज हा प्रवास दोन राज्यांतला वाटतो, पण तेव्हा मालवण, बेळगाव, धारवाड हे सगळं मुंबई इलाख्यातच होतं आणि परीक्षाही मुंबई विद्यापीठाचीच. कॉलेज मात्र दारात नव्हतं. धारवाडचं कर्नाटक कॉलेज निघालं 1917 मध्ये, बेळगावचं लिंगराज कॉलेज 1933 मध्ये. आघारकर मुंबईला गेले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि 1909 साली निसर्गविज्ञानात एम.ए. झाले. हो, एम.ए.! आज आर्ट्स आणि सायन्सच्या मुलांचं कॅन्टीनमधलं टेबलसुद्धा वेगळं असतं. तेव्हा मात्र झाडं आणि प्राणी यांचा अभ्यास करूनही एम.ए. होता येत होतं. पुढे ते एल्फिन्स्टनमध्येच जीवशास्त्र शिकवू लागले.

इथपर्यंत सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या. पदवी होती, नोकरी होती. पण आघारकर सह्याद्रीत हिंडत राहिले. 1911 च्या आसपास सातारा जिल्ह्यातल्या ओढ्या-नद्यांच्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला. मालवणच्या माणसाला समुद्रातला जेलीफिश नवा नसणार, पण हा होता डोंगरातल्या गोड्या पाण्यातला. त्याच्या जवळचे भाऊबंद तोवर आफ्रिकेतल्या सरोवरांतून माहीत होते. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला 'लिम्नोक्नायडा इंडिका' हे नाव मिळालं. ते पाणी शेवटी कृष्णेचं. आपल्या निपाणीजवळची वेदगंगाही पुढे दूधगंगेतून कृष्णेलाच मिळते. त्या ओढ्यांवर रोज कितीतरी माणसं जात असतील. आघारकरांनी पाण्यात वाकून पाहिलं, इतकाच फरक.

पुढे कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोष यांच्या देणगीतून वनस्पतिशास्त्राचं अध्यासन सुरू झालं आणि ते आघारकरांना मिळालं. जास्त शिक्षणासाठी ते जर्मनीला गेले आणि 1914 चं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश हिंदुस्थानचा माणूस म्हणजे जर्मनीच्या लेखी शत्रूचा प्रजाजन. काही काळ त्यांना स्थानबद्धतेत काढावा लागला. त्याच देणगीतून नेमलेले भौतिकशास्त्राचे देवेंद्र मोहन बोस हेही असेच तिकडे अडकले होते. तरी आघारकरांनी अभ्यास सोडला नाही. बर्लिनमध्ये अडॉल्फ एंग्लर या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली 1919 मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली. विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खारट जमिनीवरच्या वनस्पतींचा : त्या कशा पसरतात, मुळात कुठून आल्या. प्रबंध छापला गेला तो जर्मन भाषेत.

मला हे विशेष वाटतं, कारण आपल्याकडे भाषेची भीती फार. मराठी शाळेतून आलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तक उघडतात आणि आपल्याला हे झेपणार नाही म्हणून मोकळी होतात. घरी मराठी, बाजारात कन्नड, वर्गात इंग्रजी, ही आपली रोजची कसरत आहे. ती आपल्याला येते, हे आपण विसरतो.

भारतात परतल्यावर आघारकरांनी कलकत्त्यात बरीच वर्षं शिकवलं. 1946 मध्ये निवृत्त झाले तेव्हा वयाची साठी उलटली होती. घरी बसून मान घेता आला असता. त्याऐवजी ते पुण्यात आले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सचे संस्थापक-संचालक झाले. 2 सप्टेंबर 1960 रोजी त्यांचं निधन झालं, तोवर ते त्या संस्थेसाठी राबले. 1992 मध्ये संस्थेला आघारकर संशोधन संस्था असं नाव दिलं गेलं. आजही तिथे वनस्पती, बुरश्या, जिवाणू यांवर काम चालतं. बी.एस्सी., एम.एस्सी. करून पुढे संशोधनात जायचंय अशा मुला-मुलींनी ही संस्था जरूर पाहावी. पुणं आपल्यापासून एका रात्रीच्या एसटीवर आहे.

आघारकर डॉक्टरकी हुकली म्हणून जीवशास्त्राकडे आले नव्हते. त्यांना झाडं आणि प्राणी हेच हवं होतं. तेव्हा सायन्सच्या मैत्रिणींनो, यंदा आंबोलीला फिल्ड ट्रिप निघाली की हर्बेरियमला लागतात तेवढी पानं गोळा करून बसमध्ये जागा धरू नका. थोडा वेळ ओढ्याशी थांबा. आम्हा आर्ट्सवाल्यांनाही सोबत न्या. पाण्यात काय दिसलं ते मराठीत लिहून काढायचं काम आम्ही करू.