लफ्फेदार अक्षरांचा जनक

कोका-कोलाच्या बाटलीवरील लफ्फेदार अक्षरे ओळखत नाही असा शहरी माणूस विरळाच. १८८६ मध्ये अटलांटा येथे फ्रँक रॉबिन्सन या हिशेबनिसाने ती कागदावर उतरवली. मात्र त्यासाठी त्याने नवे वळण शोधले नव्हते. अमेरिकेतील कारकुनांच्या हाती रुळलेले अक्षरच त्याने वापरले. त्या अक्षराचे जनक प्लॅट रॉजर्स स्पेन्सर यांचे निधन होऊन तेव्हा २२ वर्षे उलटली होती.

स्पेन्सर यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८०० रोजी न्यूयॉर्क राज्यातील ईस्ट फिशकिल येथे झाला. बालवयातच पित्याचे छत्र हरपले आणि १८१० मध्ये हे कुटुंब ओहायोच्या जंगलमुलखात येऊन स्थिरावले. अक्षरांचा छंद तेव्हाच जडला होता, पण कागद दुर्मीळ होता. त्यामुळे झाडाची साल, बर्फ, ईरी सरोवराच्या काठची वाळू आणि चांभाराच्या दुकानातील चामड्याचे तुकडे हीच या मुलाची पाटी झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पाण्याने झिजलेले गोटे आणि लाटांची वळणे पाहतच त्यांच्या अक्षराचा लंबगोल घडला, अशीही आख्यायिका आहे.

त्या काळी इंग्रजी वळणाचे जे अक्षर शाळांतून शिकवले जाई ते देखणे, पण संथ होते. व्यापार वाढत होता. पत्रे, पावत्या, जमाखर्चाच्या वह्या सारे हातानेच लिहावे लागे. झरझर लिहिता येईल आणि तरीही सुबक दिसेल, असे अक्षर हवे होते. स्पेन्सर यांनी नेमके तेच दिले. बोटांवर सारा भार न टाकता संपूर्ण बाहूच्या लयीत लिहायचे, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म होते. उजवीकडे झुकलेली अक्षरे, केसासारखी बारीक जोडरेघ आणि लवचीक टाकावर किंचित दाब देताच उमटणारी ठसठशीत छटा ही तिची लक्षणे. पुढील काळातील कित्त्यांमध्ये हा कल ५२ अंशांचा ठरवण्यात आला आणि सारी वर्णमाला सात मूलघटकांत विभागली गेली.

या कलावंताचे आयुष्य मात्र त्याच्या अक्षरांइतके सुरेख नव्हते. तारुण्यात ते मद्याच्या आहारी गेले. उच्च शिक्षणाची आकांक्षा अपुरी राहिली. गावोगावी शिकवणे आणि कारकुनी करणे यांतच उमेदीची वर्षे सरली. ज्या हाताच्या स्थैर्यावर सारी कला अवलंबून, तोच हात गमावण्याचा तो मार्ग होता. १८२८ मध्ये पर्सिस ड्यूटी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८३२ मध्ये त्यांनी मद्य कायमचे सोडले. पुढे ते दारूबंदीचे खंदे प्रचारक झाले. ज्या समाजाने त्यांना व्यसनात बुडालेले पाहिले होते, त्याच समाजाने अ‍ॅश्टाब्युला परगण्याचा खजिना तब्बल १२ वर्षे त्यांच्या हाती सोपवला.

जिनिव्हा या गावी आपल्या शेतावरील लाकडी ओंडक्यांच्या खोपटात त्यांनी लेखनशाळा चालवली. १८४८ मध्ये व्हिक्टर राइस यांच्यासह त्यांनी छापील कित्ते प्रसिद्ध केले. वाणिज्य विद्यालयांतून ही पद्धत देशभर पसरली. शेतकऱ्याच्या मुलालाही वळणदार अक्षराच्या बळावर पेढीत नोकरी मिळू लागली. १६ मे १८६४ रोजी स्पेन्सर यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या मुलांनी कित्त्यांच्या नव्या आवृत्त्या काढून हा वारसा घरोघरी नेला.

एकोणिसावे शतक सरता सरता टंकलेखन यंत्र आले. शाळांनीही पामर यांची अधिक साधी, अलंकारविरहित पद्धत स्वीकारली. स्पेन्सर यांचे अक्षर व्यवहारातून हळूहळू मागे पडले. छापखान्यालाही ते सहजी पेलणारे नव्हते. सरळ उभ्या खिळ्यांवर तिरकी अक्षरे बसवायची, तर त्यांचे फाटे खिळ्याबाहेर डोकावत आणि तुटत. शिवाय दोन अक्षरांमधील जोडरेघ तंतोतंत जुळवणे हे जुळाऱ्याच्या कौशल्याची कसोटी पाहणारे काम होते.

संगणकाने ही अडचण दूर केली. आजच्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये एकाच अक्षराची अनेक रूपे साठवता येतात आणि शेजारचे अक्षर पाहून त्यांतील योग्य रूप आपोआप निवडले जाते. लग्नपत्रिका, मानपत्रे, अत्तराच्या कुप्या आणि उपाहारगृहांच्या पाट्या यांवर ही घराणेदार वळणे आज पुन्हा दिसतात. मात्र त्यांच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. चार शब्दांचे शीर्षक त्यांत खुलते, पण पानभर मजकूर डोळ्यांना शिणवतो. सारा शब्द मोठ्या लिपीत लिहिला, तर लफ्फ्यांच्या गर्दीत तो वाचताच येत नाही.

वेगवान कारभारासाठी जन्मलेले हे अक्षर आज केवळ शोभेसाठी उरले आहे. एकेकाळी रोजच्या पावतीवर असणारे वळण आता समारंभापुरतेच बाहेर निघते. बर्फावर आणि वाळूत गिरवलेली स्पेन्सर यांची अक्षरे केव्हाच विरून गेली. त्यांनी शिकवलेली लय मात्र दीड शतकानंतरही पुसली गेलेली नाही.