आचरणातील ज्ञान : इमाम गझाली

ज्ञान मिळवणे कठीण असते. पण मिळवलेले ज्ञान आचरणात उतरवणे त्याहूनही कठीण असते. वाणी शुद्ध झाली म्हणजे वागणूक शुद्ध होतेच असे नाही. हे सत्य पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ते स्वतःला लागू करून पाहणारी आणि त्यासाठी हाती आलेले वैभव सोडणारी माणसे विरळाच. अकराव्या शतकातील थोर इस्लामी विचारवंत इमाम गझाली हे अशांपैकी एक होते.

अबू हामिद मुहंमद गझाली यांचा जन्म इ. स. १०५८ च्या सुमारास खुरासान प्रांतातील तूस या नगरात झाला. हा भाग आज इराणच्या ईशान्येस आहे. त्यांचे वडील लोकर कातून ती विकत आणि त्यावर प्रपंच चालवत, असे परंपरेने सांगितले जाते. त्यांना स्वतःला शिकता आले नव्हते. विद्वानांच्या सहवासात बसावे, जमेल तशी त्यांची सेवा करावी आणि आपल्या मुलांना तरी विद्या लाभावी अशी प्रार्थना करावी, असा त्यांचा नेम होता. अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी मुहंमद आणि अहमद या आपल्या दोन मुलांना एका सूफी मित्राच्या हवाली केले व साठवलेली थोडी पुंजी त्यांच्या शिक्षणासाठी दिली. ती पुंजी लवकरच संपली. मित्रही निर्धनच होता. त्याने मुलांना मदरशात जाण्याचा सल्ला दिला. कारण तेथे विद्येबरोबर अन्नाचीही सोय होत असे. पोटासाठी धरलेल्या या वाटेनेच गझालींना विद्येच्या शिखरापर्यंत नेले.

त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. जुर्जान येथे शिकून ते परत येत असता वाटेत दरोडेखोरांनी काफिल्याला लुटले. लुटीत गझालींच्या टिपणवह्याही गेल्या. जिवाची पर्वा न करता ते दरोडेखोरांच्या मागे गेले आणि निदान वह्या तरी परत द्या, त्यांतच माझे सारे ज्ञान आहे, अशी विनवणी त्यांनी केली. दरोडेखोरांचा म्होरक्या हसला. वह्या गेल्याबरोबर जे नाहीसे होते ते ज्ञान कसले, असे विचारून त्याने वह्या परत केल्या. तो प्रश्न गझालींच्या मनाला लागला. गावी परतल्यावर तीन वर्षे खपून त्यांनी ती सर्व टिपणे मुखोद्गत केली.

पुढे निशापूर येथे जुवैनी या नामांकित आचार्यांपाशी त्यांनी धर्मशास्त्र, न्यायशास्त्र आणि तर्कशास्त्र यांचे अध्ययन केले. इ. स. १०८५ मध्ये जुवैनी निवर्तल्यावर ते सेल्जुक साम्राज्याचा प्रबळ वजीर निजामुल्मुल्क याच्या आश्रयास गेले. विद्वानांच्या सभेत वादविवादात त्यांना जिंकणे कठीण, अशी त्यांची ख्याती झाली. इ. स. १०९१ मध्ये वजिराने बगदाद येथील निजामिया या विख्यात विद्यापीठात त्यांची प्रमुख आचार्य म्हणून नेमणूक केली. त्या वेळी ते अवघे तेहतीस वर्षांचे होते. तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. राजदरबारी त्यांचा शब्द मानला जाई. निर्धन घरातल्या मुलाने याहून अधिक काय मिळवायचे?

परंतु याच वैभवात गझालींच्या मनाला एका प्रश्नाने ग्रासले. आपण शिकवतो ते कोणासाठी? ईश्वरासाठी की लौकिकासाठी? त्यांनी स्वतःचे अंतःकरण निष्ठुरपणे तपासले आणि उत्तर लौकिकाच्या बाजूने आले. ज्या नम्रतेवर आपण व्याख्याने देतो ती आपल्या ठायी नाही, हे त्यांना कळून चुकले. सर्व सोडून जावे असे सकाळी ठरवावे, आणि संध्याकाळपर्यंत मानमरातबाच्या मोहाने तो निश्चय ढासळावा, अशा ओढाताणीत इ. स. १०९५ मधील सुमारे सहा महिने गेले. अखेर एके दिवशी शिकवण्यास बसले असता त्यांच्या तोंडून शब्दच उमटेना. अन्न घशाखाली उतरेना. दुखणे मनाचे आहे, तेथे औषधाचा उपाय चालणार नाही, असे सांगून वैद्यांनीही हात टेकले.

तेव्हा मात्र त्यांचा निश्चय झाला. मुलाबाळांच्या निर्वाहापुरते ठेवून उरलेले धन त्यांनी वाटून टाकले, पद सोडले आणि बगदादचा निरोप घेतला. दमास्कस येथील उमय्या मशिदीच्या मिनारात ते दिवसच्या दिवस एकांतात बसत. तेथून ते जेरुसलेमला गेले, मक्का व मदिना येथील यात्रा त्यांनी केली. हेब्रॉन येथे प्रेषित इब्राहीम यांच्या समाधीपाशी त्यांनी तीन गोष्टींची शपथ घेतली : सुलतानाच्या दरबारी जायचे नाही, सुलतानाचे द्रव्य घ्यायचे नाही आणि जिंकण्यासाठी वाद घालायचा नाही. ज्या तीन गोष्टींनी त्यांना मोठे केले होते, त्याच त्यांनी दूर सारल्या.

या काळातील साधनेचे फळ म्हणजे त्यांचा ‘इहया उलूम अल्-दीन’ हा अरबी ग्रंथ. धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन असा या नावाचा अर्थ आहे. त्यात चाळीस प्रकरणे आहेत. उपासनेबरोबरच जेवणे, कमावणे, संसार, मैत्री, प्रवास अशा रोजच्या व्यवहारांचाही त्यात विचार आहे. कारण माणसाचे शील प्रार्थनेच्या वेळी जितके दिसते तितकेच ते बाजारातही दिसते, अशी त्यांची धारणा होती. व्यापाऱ्याने मालातील दोष लपवू नये, हे सांगताना ते पैगंबर मुहंमदांच्या जीवनातील प्रसंगाची आठवण देतात. बाजारात धान्याच्या एका राशीत पैगंबरांनी हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. राशीच्या वरचे आणि आतले धान्य सारखेच असावे, हा प्रामाणिकपणाचा साधा नियम त्या प्रसंगातून कळतो.

शील म्हणजे काय, याचे गझालींनी केलेले विवेचन मोलाचे आहे. एखादे वेळी दान दिले म्हणून कोणी दानशूर ठरत नाही. चांगली कृती सहजपणे, मनाला जडपणा न वाटता हातून घडू लागते, तेव्हाच तो गुण अंगी बाणला असे समजावे. स्वभाव बदलत नाही, हे मत त्यांना मान्य नव्हते. खजुराच्या बीपासून सफरचंद होणार नाही, हे खरे. पण निगा राखली तर तिचा खजूर नक्कीच होतो. त्याचप्रमाणे राग किंवा वासना मुळापासून उपटून टाकता येत नसली, तरी तिला वळण लावता येते. हे वळण सवयीने लागते. सुंदर हस्ताक्षर हवे असलेला माणूस प्रथम चांगल्या लेखकाची अक्षरे प्रयत्नपूर्वक गिरवतो. गिरवता गिरवता ते वळण त्याच्या हाताचे होऊन जाते. तसेच कंजूष माणसाने मनाविरुद्ध का होईना, देत राहावे. अहंकारी माणसाने हलकी समजली जाणारी सेवेची कामे करावीत. मात्र कोणत्याही बाजूचा अतिरेक नको. कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्यामध्ये औदार्य असते. भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्यामध्ये शौर्य असते.

स्वतःचे दोष स्वतःला दिसत नाहीत, ही मोठी अडचण असते. त्यासाठी गझालींनी चार मार्ग सांगितले आहेत. जाणत्या गुरूला विचारावे, खऱ्या मित्राला विचारावे, शत्रूची निंदा कान देऊन ऐकावी आणि इतरांत जो दोष दिसेल तो आपल्यातही शोधावा. शिवाय, व्यापारी जसा भागीदाराशी रोजचा हिशेब करतो, तसा माणसाने स्वतःच्या मनाशी करावा. सकाळी मनाला अटी घालाव्यात, दिवसभर लक्ष ठेवावे आणि रात्री जमाखर्च मांडावा.

फारसी जाणणाऱ्या सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘कीमिया-ए-सआदत’ हा ग्रंथ लिहिला. कीमिया म्हणजे हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या. मराठीतील किमया हा शब्द त्यावरूनच आला आहे. माणसाच्या स्वभावाचे सोने करण्याची किमया हाच त्या ग्रंथाचा विषय होय.

काही वर्षांनी गझाली तूसला परतले. इ. स. ११०६ मध्ये निजामुल्मुल्कच्या मुलाने, जो त्या वेळी वजीर होता, त्यांना निशापूरच्या विद्यापीठात शिकवण्याचा आग्रह केला. तेव्हा गझालींनी पुन्हा आपले मन तपासले. हा एकांत आता साधनेसाठी आहे की केवळ सुखासाठी, असा प्रश्न त्यांनी स्वतःला केला. लोकांना गरज असता आरामासाठी दूर राहणे योग्य नव्हे, असे ठरवून त्यांनी ते काम स्वीकारले. वरवर पाहता ते जुन्याच जागी परत आले होते. परंतु पूर्वी मान मिळवून देणारी विद्या ते शिकवत. आता मानाचा मोह सोडायला लावणारी विद्या त्यांना शिकवायची होती. आपण त्यात सफल झालो, असा दावा मात्र त्यांनी कधी केला नाही.

अखेरचे दिवस त्यांनी तूस येथे आपल्या घराजवळ विद्यार्थ्यांना शिकवण्यात घालवले. तेथेच डिसेंबर ११११ मध्ये त्यांचे निधन झाले. मुस्लिम समाजाने त्यांना हुज्जतुल इस्लाम, म्हणजे इस्लामचे प्रमाण, या पदवीने गौरवले. त्यांचे ग्रंथ आजही भारतासह अनेक देशांत अभ्यासले जातात.

वहीतले ज्ञान दरोडेखोर नेऊ शकतात, हे त्यांना तरुणपणी कळले. मुखातले ज्ञानही ऐन वेळी साथ सोडते, हे त्यांनी बगदादमध्ये अनुभवले. जे ज्ञान रोजच्या वागणुकीत मुरते, तेच आपले असते. ते मिळवण्यासाठी विद्यापीठ लागत नाही. तराजू धरताना, राग आवरताना आणि रात्री मनाचा हिशेब मांडताना ते प्रत्येकाला मिळवता येते.