जगाच्या पेढीवर रोहेकर

आपल्या जिल्ह्यातील थोर पुरुषांची नावे घेताना शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके आठवतात, आपल्या पेण तालुक्यातील गागोद्याचे विनोबा आठवतात. रोह्याचे चिंतामणराव देशमुख मात्र आपल्याला बहुधा महाविद्यालयाच्या पाटीवरूनच ठाऊक असतात. जगाच्या पैशाचे नियम जेथे ठरले, त्या बैठकीत हा आपल्या कुंडलिकाकाठचा माणूस बसला होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील. बालपण रोह्यात गेले. 1912 साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. पुढे मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज आणि तेथून केंब्रिज. तेथे त्यांचा विषय होता निसर्गविज्ञान. वनस्पतिशास्त्रात त्यांनी पारितोषिक पटकावले. 1918 साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिला क्रमांक त्यांचाच. पुढील वीस वर्षे मध्यप्रांत-वऱ्हाडात सरकारी नोकरीत गेली. संस्कृत आणि वनस्पतिशास्त्र शिकलेला हा मनुष्य जमाखर्चाची विद्या शिकला तो प्रत्यक्ष कामातून.

1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट 1943 मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. काळ मोठा कठीण होता. महायुद्ध चालू होते, महागाई भडकली होती आणि बंगालमध्ये माणसे भुकेने मरत होती. इंग्लंड युद्धासाठी येथून धान्य, कापड व इतर माल उचलत होते. पण त्याची किंमत रोख न देता लंडनच्या खात्यावर नुसती जमा दाखवीत होते. येथे त्या जमेच्या आधारावर नोटा छापल्या जात होत्या. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम सुमारे 1,700 कोटी रुपयांवर गेली. गरीब देश सावकार झाला आणि साम्राज्य ऋणको झाले! पण पासबुकात आकडा असूनही पैसा हाती येत नाही, तेव्हा काय होते हे पेणकरांना वेगळे सांगायला नको.

अशा वेळी, जुलै 1944 मध्ये, अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे 44 राष्ट्रांची परिषद भरली. 1930 नंतरच्या मंदीत प्रत्येक देशाने आपापल्या चलनाची किंमत उतरवून आणि जकातीच्या भिंती उभारून शेजाऱ्याचा व्यापार बुडविला होता. तसे पुन्हा होऊ नये म्हणून दोन संस्था स्थापण्याचे ठरले. परकीय चलनाच्या अडचणीत सापडलेल्या देशाला तात्पुरती मदत करणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ही एक, आणि उभारणीसाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी जागतिक बँक ही दुसरी. भारताचे शिष्टमंडळ इंग्रज अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखाली गेले होते. त्यात चिंतामणराव, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे होते. देश परतंत्र, नेता इंग्रज. तरीही या मंडळींनी भारताची बाजू निर्भयपणे मांडली.

त्यांच्या मागण्या मुख्यतः तीन होत्या. लंडनमध्ये अडकलेली आपली रक्कम मोकळी करण्यास निधीने साह्य करावे, मागासलेल्या देशांचा विकास हेही या संस्थांचे उद्दिष्ट असावे आणि भारताचा वाटा त्याच्या आकाराला शोभेल असा असावा. पहिली मागणी फेटाळली गेली. दुसरी अर्धीमुर्धी मान्य झाली. बँकेच्या उद्दिष्टांत अविकसित देशांचा उल्लेख आला. वाट्याच्या बाबतीत चीनला 55 कोटी डॉलर आणि भारताला 40 कोटी डॉलर मिळाले. रशिया पुढे संस्थेत आला नाही, त्यामुळे भारताचा क्रमांक पाचवा लागला आणि पहिल्या पाचांना मिळणारी संचालकाची हक्काची जागा आपल्याला मिळाली. 1950 साली पॅरिसला या दोन्ही संस्थांची संयुक्त वार्षिक सभा भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी चिंतामणराव होते. सहा वर्षांपूर्वी ज्यांचा देश गुलाम होता, त्यांना मिळालेला हा मान लहान नव्हे.

त्याच वर्षी ते भारताचे अर्थमंत्री झाले. 1952 साली आपल्या कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठविले. पहिली पंचवार्षिक योजना, 1955 सालची स्टेट बँक, 1956 सालचे आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण ही त्यांच्याच कारकिर्दीतील कामे होत. परंतु मुंबई महाराष्ट्राला नाकारली गेली आणि आंदोलकांवरील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही असे दिसले, तेव्हा जुलै 1956 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी काम केले. कालिदासाचे मेघदूतही त्यांनी मराठीत आणले. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

ब्रेटन वुड्सचा प्रश्न मात्र संपलेला नाही. पेणचे गणपती परदेशी जातात, धाटावच्या कारखान्यांतील रसायने जहाजावर चढतात. त्यांचा मोबदला डॉलरमध्ये येतो आणि त्याच डॉलरवर आपले खनिज तेल येते. 1991 साली ही गंगाजळी आटली, तेव्हा भारताला 47 टन सोने गहाण ठेवावे लागले आणि त्याच नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले. त्या निधीत प्रत्येक देशाला सारखे मत नसते, वाट्याप्रमाणे असते. महत्त्वाच्या निर्णयास 85 टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून अधिक आहेत. म्हणजे तिच्या संमतीवाचून पान हलत नाही. भारताचा वाटा पावणेतीन टक्के, क्रमांक आठवा. डिसेंबर 2023 मध्ये सर्वांचे वाटे 50 टक्क्यांनी वाढविण्याचा ठराव झाला. पण वाढ सरसकट असल्याने प्रमाण होते तेच राहिले.

जगातील सर्वाधिक लोकसंख्येच्या देशाला हा वाटा पुरेसा आहे काय? हा प्रश्न चिंतामणराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1944 सालीच विचारला होता. तो पुन्हा विचारायचा तर त्यांच्याइतका अभ्यास हवा आणि वेळ आली की खुर्ची सोडण्याची त्यांची तयारीही हवी. रोह्याच्या त्या पाटीवरील नाव वाचताना एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.