मेकॅनोचं खेळणं बघितलं आणि गणिताच्या मास्तरांना पुस्तकं लावायची युक्ती सापडली

अंधेरीत घरी बसून मोबाईलवर शर्ट शोधायचा असेल तर आपण काय करतो? रंग निळा, कापड कॉटन, किंमत हजाराच्या आत. तीन ठिकाणी टिचकी मारली की हजारो शर्टांतले नेमके दहा-बारा समोर येतात. आधी रंग निवडला काय आणि आधी किंमत निवडली काय, फरक पडत नाही.

एका वस्तूचे पैलू सुटे करायचे आणि लागतील तसे जोडायचे, असा हा साधा विचार. इंटरनेटचा पत्ताही नव्हता तेव्हा, 1933 साली, एका भारतीय माणसानं तो पुस्तकांसाठी मांडला होता. त्यांचं नाव शियाली रामामृत रंगनाथन.

गंमत म्हणजे या माणसाला ग्रंथपाल व्हायचंच नव्हतं.

रंगनाथन यांचा जन्म ऑगस्ट 1892 मध्ये तमिळनाडूतल्या शियाली गावी झाला. विषय गणित, काम कॉलेजात शिकवण्याचं. 1924 मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालाची जागा मिळाली. पगार बरा होता, पण करायला काही नव्हतं. दिवसभर पुस्तकांच्या राखणीला बसून ते इतके कंटाळले की थोड्याच दिवसांत जुन्या कॉलेजात परत घ्या म्हणून प्राचार्यांकडे गेले. आधी लंडनला जाऊन प्रशिक्षण घ्या, तरीही मन रमलं नाही तर परत या, अशी समजूत काढून त्यांना पाठवण्यात आलं.

लंडनमध्ये त्यांनी एकामागून एक ग्रंथालयं पालथी घातली. तेव्हा मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाच्या 1876 सालच्या पद्धतीचा जगभर बोलबाला होता. तिच्यात सगळ्या ज्ञानाचे 10 भाग, प्रत्येकाचे पुन्हा 10, आणि प्रत्येक विषयाला एक ठरलेला आकडा. अडचण अशी की खाने आधीच आखलेले. धर्म या विषयाला 200 ते 299 हे आकडे होते, पण त्यातली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्मानं व्यापलेली. हिंदू, बौद्ध, जैन, इस्लाम अशा बाकी सगळ्यांची सोय 290 च्या घरात. म्हणजे एका बिऱ्हाडाला अख्खा मजला आणि उरलेल्या चाळीला मिळून एक खोली!

शिवाय एकाच पुस्तकात दोन-तीन विषय आले, तर ते ठेवायचं कुठल्या खान्यात?

उत्तर सापडलं सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात. तिथे मेकॅनो नावाच्या खेळण्याचं प्रात्यक्षिक चाललं होतं. भोकं पाडलेल्या पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट. त्याच तुकड्यांची घडीत गाडी व्हायची, घडीत क्रेन. रंगनाथन यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकाच्या विषयाचे असेच सुटे तुकडे केले तर? त्या तुकड्यांना जोडणारा नट-बोल्ट म्हणून त्यांनी निवडलं विरामचिन्ह, म्हणजे एकावर एक दोन टिंबं. म्हणून या पद्धतीचं नाव पडलं द्विबिंदू वर्गीकरण.

पुढे त्यांनी या तुकड्यांच्या पाच जाती ठरवल्या: मुख्य गोष्ट, पदार्थ, क्रिया, ठिकाण आणि काळ. समजा, 1990 च्या दशकात घाटकोपरमध्ये दातांच्या आजारांवर झालेल्या उपचारांवर एक पुस्तक आहे. दात ही मुख्य गोष्ट, उपचार ही क्रिया, घाटकोपर हे ठिकाण, 1990 चं दशक हा काळ. प्रत्येक तुकड्याला खूण द्यायची आणि सगळ्या खुणा जोडायच्या. उद्या अगदी नवा विषय आला, तरी जुन्याच तुकड्यांतून त्याचा पत्ता तयार होतो.

पण हे सगळं कशासाठी? वाचकासाठी. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम पुस्तकरूपानं मांडले. त्यांचं सार असं: पुस्तक वापरासाठी असतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय वाढत राहावं. मद्रासला त्यांनी वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं. पुस्तकांची राखण करून कंटाळलेला हा माणूस मग जवळपास 20 वर्षं त्याच ग्रंथालयात राबला.

तिथून वरिष्ठांशी मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि बनारसला गेले. तिथे दीडेक वर्षात सुमारे 1 लाख पुस्तकांचं वर्गीकरण केलं. 1948 मध्ये मद्रासचा ग्रंथालय कायदा झाला, त्यामागे त्यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. महाराष्ट्राचा असा कायदा 1967 मध्ये आला. मुलुंड-बोरिवलीतल्या सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं ते याच कायद्याच्या चौकटीत.

1957 मध्ये पद्मश्री मिळाली. आयुष्यभराच्या बचतीतले 1 लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्नी सारदा यांच्या नावानं प्राध्यापकपद सुरू करण्यासाठी दिले. 27 सप्टेंबर 1972 रोजी बंगळुरूत त्यांचं निधन झालं. 12 ऑगस्ट हा दिवस आज देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनासारखी झाली नाही. द्विबिंदू पद्धत शिकायला अवघड. त्यामुळे भारतातल्या बहुतेक ग्रंथालयांत कपाटांवर आजही ड्यूईचेच आकडे दिसतात. कपाटावर हरलेला विचार स्क्रीनवर मात्र जिंकला, कारण कपाटात पुस्तक एकाच जागी ठेवता येतं, कॉम्प्युटरमध्ये तेच पुस्तक दहा वाटांनी शोधता येतं.

हा खेळ घरच्या पुस्तकांवरही करून बघता येतो. एक्सेलमध्ये एका ओळीत एक पुस्तक लिहा आणि विषय, ठिकाण, काळ, भाषा, वाचलं की नाही, असे रकाने करा. प्रत्येक रकान्याला फिल्टर लावा, किंवा ठिकाणांच्या टिकल्या महाराष्ट्राच्या नकाशावर चिकटवा. पुण्यावर टिकल्यांची गर्दी आणि गडचिरोली कोरी राहिली, तर पुढचं पुस्तक कुठलं घ्यायचं ते आपोआप कळेल. आणि न वाचलेल्यांचा रकाना उघडलात, तर रंगनाथन यांच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे कपाटातलं कुठलं पुस्तक अजून वाचकाची वाट बघतंय, तेही दिसेल.