रेइजी ओकाझाकी

रेइजी ओकाझाकी (८ ऑक्टोबर १९३० – १ ऑगस्ट १९७५) हे जपानी रेणवीय जीवशास्त्रज्ञ होते. पेशीतील डीएनएची प्रत तयार होताना तिच्या दोन धाग्यांपैकी एक धागा सलग न बनता लहान लहान तुकड्यांत बनतो व ते तुकडे नंतर जोडले जातात, हा शोध त्यांनी पत्नी त्सुनेको ओकाझाकी व इतर सहकाऱ्यांच्या साहाय्याने लावला. या तुकड्यांना ‘ओकाझाकी तुकडे’ असे नाव मिळाले आहे. महाराष्ट्रात इयत्ता बारावीला जीवशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव परिचित असते. मात्र ते एका माणसाचे, किंबहुना एका दांपत्याचे आडनाव आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

जीवन

ओकाझाकी यांचा जन्म जपानमधील हिरोशिमा येथे झाला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी या शहरावर अणुबाँब टाकण्यात आला, तेव्हा ते १४ वर्षांचे होते. त्या वेळी त्यांच्या शरीराला किरणोत्साराची मोठी मात्रा मिळाली. ते वाचले आणि १९५३ मध्ये नागोया विद्यापीठातून पदवीधर झाले. जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची दुपेडी रचना प्रसिद्ध केली तेही हेच वर्ष. १९५६ मध्ये त्यांचा विवाह त्याच विद्यापीठातील संशोधिका त्सुनेको यांच्याशी झाला. तेव्हापासूनचे त्यांचे बहुतेक संशोधन दोघांचे मिळून आहे. त्यामुळे कोणता भाग कोणाचा अशी वाटणी करणे उचित ठरणार नाही.

आरंभी त्यांनी बेडूक व समुद्री अर्चिन यांच्या अंड्यांतील डीएनएच्या घटकद्रव्यांचा अभ्यास केला. याच काळात जीवाणूंमध्ये थायमिडीन डायफॉस्फेट ऱ्हॅम्नोज हे शर्करायुक्त संयुग त्यांना आढळले. पुढे हे दांपत्य अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी प्रथम सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॅक स्ट्रॉमिंजर यांच्याकडे आणि नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात आर्थर कोर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेत काम केले. डीएनए पॉलिमरेज हे विकर शोधल्याबद्दल कोर्नबर्ग यांना १९५९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. विकर शुद्ध कसे करावे आणि शुद्ध न केलेल्या विकरावर कोणताही सिद्धान्त का उभारू नये, याची शिस्त त्या प्रयोगशाळेत होती. तेथे ओकाझाकी यांनी जीवाणूतील थायमिडीन कायनेज या विकराचा अभ्यास केला. १९६३ मध्ये ते नागोयाला परतले.

एक कोडे

ओकाझाकी ज्या प्रश्नाकडे वळले, तो समजण्यासाठी डीएनएची रचना लक्षात घ्यावी लागते. डीएनएचे दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी जातात. धाग्याच्या एका टोकास ५ प्राइम व दुसऱ्यास ३ प्राइम असे म्हणतात. एका धाग्याचे ५ प्राइम टोक जेथे असते, तेथे दुसऱ्याचे ३ प्राइम टोक असते. जॉन केर्न्स यांनी १९६३ मध्ये घेतलेल्या प्रतिमांवरून असे दिसत होते की, जीवाणूचा डीएनए एखाद्या दुबेळक्याप्रमाणे उकलत जातो आणि उकललेल्या दोन्ही धाग्यांवर नवे धागे एकाच वेळी तयार होत जातात. म्हणजे दुबेळक्याच्या दिशेने पाहता एक नवा धागा ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे वाढायला हवा, तर दुसरा त्याच्या उलट.

अडचण अशी होती की, उलट दिशेने धागा वाढवणारे विकर कोणालाच सापडत नव्हते. ज्ञात पॉलिमरेज फक्त ३ प्राइम टोकालाच नवा न्यूक्लिओटाइड जोडत असे. असे दुसरे विकर अस्तित्वात आहे, केवळ अजून सापडलेले नाही, असे मानणारे अनेक होते. ओकाझाकी यांनी वेगळी शक्यता मांडली. उलट दिशेचा धागा मोठ्या अंतरावर पाहता उलट वाढतो असे भासते. प्रत्यक्षात तो नेहमीच्याच विकराने, नेहमीच्याच दिशेने, पण तोकड्या तुकड्यांत बनत असेल. दुबेळके थोडे पुढे सरकले की मागे वळून एक तुकडा विणायचा, पुन्हा पुढे सरकले की दुसरा विणायचा आणि मग सांधायचे.

तर्क सोपा होता. सिद्ध करणे अवघड होते. ३७ अंश सेल्सिअसला वाढणाऱ्या जीवाणूत दुबेळके सेकंदाला सुमारे १००० न्यूक्लिओटाइड इतक्या वेगाने पुढे जाते. तुकडे खरोखर बनत असतील, तर ते काही क्षणांतच जोडले जाणार. म्हणून त्यांना जोडण्याच्या आत पकडणे भाग होते.

१९६८ चे प्रयोग

ओकाझाकी गटाने ई. कोलाय जीवाणूंचे तापमान २० अंशांपर्यंत उतरवून क्रियेचा वेग मंदावला. मग त्यांना ट्रिटियमयुक्त, म्हणजे किरणोत्सारी, थायमिडीन केवळ काही सेकंद दिले आणि क्रिया तत्काळ थांबवली. अशा रीतीने केवळ त्या काही सेकंदांत बनलेल्या डीएनएवरच खूण उमटते. नंतर अल्कलीने दोन्ही धागे विलग करून सुक्रोजच्या द्रावणात ते वेगाने फिरवले. मोठे रेणू लवकर तळाकडे जातात, लहान मागे राहतात. १० सेकंदांच्या नमुन्यात खूण लहान रेणूंवर आढळली. त्यांची लांबी साधारण १००० ते २००० न्यूक्लिओटाइड होती. अवधी वाढवत नेला तसतशी खूण लांब रेणूंकडे सरकत गेली. तुकडे बनतात आणि नंतर जोडले जातात, याचे हे सरळ प्रमाण होते.

आणखी एक पुरावा त्यांना सुदैवाने वेळेवर उपलब्ध झाला. डीएनएची तुटलेली टोके सांधणारे लायगेज हे विकर १९६७ मध्ये अनेक प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी सापडले. टी४ या जीवाणुभक्षी विषाणूचे असे उत्परिवर्ती प्रकार उपलब्ध होते की, ज्यांचे लायगेज तापमान वाढवताच निकामी होते. ओकाझाकी यांचा तर्क बरोबर असेल, तर अशा विषाणूने ग्रासलेल्या जीवाणूत तुकडे साचत जायला हवेत. ते साचले. तापमान पुन्हा उतरवताच तुकडे जोडले गेले. हे निष्कर्ष १९६८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पहिल्या लेखावर ओकाझाकी दांपत्यासह साकाबे, सुगिमोतो व सुगिनो या सहकाऱ्यांची नावे आहेत.

डीएनए दुरुस्तीशी संबंध

या शोधाचे एक अंग पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. तुकडे जोडण्याचे काम करणारी विकरे बव्हंशी तीच आहेत, जी डीएनएला इजा झाली असता ती दुरुस्त करतात. १९६९ मध्ये पाउला डी लुसिया व जॉन केर्न्स यांनी ई. कोलायचा असा उत्परिवर्ती प्रकार वेगळा केला, ज्यात कोर्नबर्ग यांचे पॉलिमरेज जवळजवळ नव्हतेच. तरीही तो जीवाणू वाढत होता. मात्र अतिनील किरणांपुढे तो सहज मरत असे. म्हणजे हे विकर मुख्यतः दुरुस्तीचे, असा निष्कर्ष निघाला. ओकाझाकी गटाने याच जीवाणूत नवे तुकडे फार संथपणे जोडले जातात असे दाखवले. तेव्हा प्रत काढणे आणि दुरुस्ती करणे ही दोन अगदी निराळी खाती नाहीत, हे स्पष्ट झाले.

पॉलिमरेजला नवा धागा शून्यातून सुरू करता येत नाही, मग प्रत्येक तुकड्याचा आरंभ कसा होतो? १९७२ मध्ये सुगिनो, हिरोसे व ओकाझाकी यांनी दाखवले की, नव्या तुकड्यांना आरएनएचा छोटा भाग जोडलेला असतो. अल्कली आरएनए नष्ट करते, त्यामुळे पूर्वीच्या पद्धतीत हा भाग दिसणे शक्यच नव्हते. तुकडे जोडण्यापूर्वी हे आरएनए काढून त्या जागी डीएनए भरले जाते.

एका बाबतीत मात्र ओकाझाकी यांच्या प्रयोगांनी नवा वाद निर्माण केला. त्यांच्या काही निरीक्षणांत जवळजवळ सर्वच नवा डीएनए तुकड्यांत दिसत होता, म्हणजे दोन्ही धागे तुटक बनत असावेत असे वाटे. १९७७ मध्ये असे आढळले की, डीएनएत चुकून शिरलेले युरॅसिल काढून टाकताना दुरुस्ती विकरे धागा तोडतात व त्यातूनही तसेच तुकडे निर्माण होतात. चुकून बसलेले आरएनएचे घटक काढतानाही असेच घडते, असे अलीकडील संशोधन सांगते. पुढचा धागा मुळात सलग बनतो, हे आज सामान्यतः मान्य आहे. तरीही ओकाझाकी यांनी जे मोजले ते अचूक होते, एवढे नमूद करणे न्याय्य ठरेल.

माणसासारख्या केंद्रकयुक्त पेशींच्या सजीवांत हे तुकडे बरेच लहान, १०० ते २०० न्यूक्लिओटाइडचे असतात. एका मानवी पेशीतील सुमारे ६०० कोटी जोड्यांची प्रत निघायची तर प्रत्येक विभाजनात सुमारे ४ कोटी तुकडे बनून जोडले जावे लागतात.

अखेर

१ ऑगस्ट १९७५ रोजी ओकाझाकी यांचे ल्युकेमिया अर्थात रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे वय ४४ होते. हिरोशिमाच्या घटनेस ३० वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस उरले होते. किरणोत्सारामुळे डीएनएचे धागे तुटतात. दोन्ही धागे एकदम तुटले आणि चुकीचे सांधले गेले तर कर्करोगास वाव मिळतो. अणुबाँबमधून वाचलेल्यांत ल्युकेमियाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. एखाद्या एकट्या रुग्णाबाबत कारण निर्विवादपणे सिद्ध करता येत नसले, तरी ओकाझाकी यांचा मृत्यू सर्वत्र त्या स्फोटाचाच परिणाम मानला जातो.

त्सुनेको ओकाझाकी यांनी नागोयातील प्रयोगशाळा बंद होऊ दिली नाही. तुकड्यांच्या आरंभी असणाऱ्या आरएनएची रचना निश्चित करण्याचे काम त्यांनी विद्यार्थ्यांसह पूर्णत्वास नेले, आणि नंतर मानवी गुणसूत्रांच्या मध्यबिंदूवर व कृत्रिम गुणसूत्रांवर संशोधन केले. २००० मध्ये त्यांना लॉरिआल-युनेस्को पुरस्कार व २०२१ मध्ये जपानचा ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा सन्मान मिळाला. नागोया विद्यापीठातील एका संशोधन संस्थेने २०१५ मध्ये स्थापन केलेल्या पुरस्काराला या दोघांची नावे देण्यात आली असून त्यात त्सुनेको यांचे नाव आधी येते.