कार्ल फॉन लिंडे : यंत्राने थंडी करणारे शिक्षक

मे महिन्यात भिवंडीच्या एखाद्या पत्र्याच्या गोदामात उभं राहिलं की गार हवेची किंमत कळते. यंत्राने भरवशाची थंडी करणाऱ्यांत कार्ल फॉन लिंडे यांचं नाव मोठं.

जन्म ११ जून १८४२, जर्मनीतलं बर्नडॉर्फ. झुरिकला शिकताना विद्यार्थ्यांच्या आंदोलनात पडले, म्हणून १८६४ मध्ये कॉलेजातून काढून टाकलं. पदवी हुकलीच. पण १८६८ मध्ये हेच लिंडे म्युनिकला शिकवू लागले! डिझेल इंजिनवाले रुडॉल्फ डिझेल त्यांचेच विद्यार्थी.

तिकडची लागर बिअर थंडीतच मुरते. उन्हाळ्यासाठी कारखान्यांना हिवाळ्यातला बर्फ तळघरात साठवावा लागे. लिंडेंनी यंत्र बनवलं. पहिल्यात मिथिल ईथर होतं, पण ते धोक्याचं. मग त्यांनी अमोनिया घेतला. द्रव अमोनियाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. पंपाने वाफ दाबून, गार करून पुन्हा द्रव करायची. १८७९ मध्ये प्राध्यापकी सोडून त्यांनी कंपनीच काढली.

आता थंडी एका जागी तयार झाली तरी ती पोहोचवावी लागते. घरगुती बिअर-यंत्रात पिंप फ्रिजमध्ये गार असतं, पण वरचा नळाचा खांब तापलेला. तिथे बिअरमधला वायू सुटतो आणि पहिला ग्लास नुसता फेस! म्हणून काहीजण छोटा ब्लोअर लावून फ्रिजमधली हवा नळीने खांबात सोडतात. (वर्गात सोड्याचं उदाहरण द्या, म्हणजे झालं.)

१८९५ मध्ये लिंडेंनी हवाच द्रवरूप करून दाखवली. पुढे त्यातूनच ऑक्सिजन वेगळा काढला. १९३४ मध्ये म्युनिकला त्यांचं निधन झालं.