नित्याच्या जीवनात धर्म जागविणारे जॉन वेस्ली

नाताळच्या दिवसांत जगभरच्या चर्चमधून जी स्तोत्रे गायिली जातात, त्यांतील एक अत्यंत लोकप्रिय स्तोत्र चार्ल्स वेस्ली या इंग्रज कवीचे आहे. १७३९ साली ते प्रथम प्रसिद्ध झाले. चार्ल्स यांनी भक्तीला गीत दिले. त्यांचे थोरले बंधू जॉन वेस्ली यांनी त्याच भक्तीला चर्चच्या चार भिंतींतून बाहेर काढून खाणकामगाराच्या झोपडीत, विणकराच्या मागापाशी आणि कर्जबाजारी कारागिराच्या दाराशी नेऊन पोहोचविले. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. परंतु आम्हांला त्यांचे चरित्र वाचनीय वाटते ते आणखी एका कारणाने. उपासनेला गर्दी लोटते, पण घरातला आचार कोरडाच राहतो, हे दुःख कोणत्याही एका धर्माचे नाही. या दुःखावर उपाय शोधण्यात या पुरुषाने सारे आयुष्य वेचले. आणि आपण उभारलेले कार्यही एक दिवस असेच कोरडे होईल, ही चिंता त्याने अखेरपर्यंत उरी बाळगली.

मातेच्या स्वयंपाकघरातील पाठशाळा

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी, तत्कालीन पंचांगाप्रमाणे १७ जून १७०३ रोजी जॉन यांचा जन्म झाला. वडील सॅम्युअल हे तेथील चर्चचे धर्माधिकारी. माता सुझॅना यांना एकूण एकोणीस अपत्ये झाली, त्यांतली नऊ अगदी लहानपणीच दगावली. घरात दारिद्र्य आणि कर्ज यांचा कायमचा मुक्काम होता. तरीही या माउलीने आठवड्यातील एकेक वेळ एकेका मुलासाठी राखून ठेविली होती. जॉनचा वार गुरुवार. त्या वेळी त्याच्याशी एकांतात बसून ती त्याच्या मनाची विचारपूस करी. पुढे या मुलाने जी संघटना उभारली, तिचे बीज या गुरुवारांत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१७०९ च्या फेब्रुवारीत मध्यरात्री त्या घराला आग लागली. सगळी मुले बाहेर आली. पाच वर्षांचा जॉन तेवढा माडीवर राहिला. जिना पेटल्याने वडिलांना वर जाता येईना. अखेर त्यांनी गुडघे टेकून मुलाला ईश्वराच्या हवाली केले. इतक्यात पोर खिडकीत दिसले. एका शेजाऱ्याच्या खांद्यावर दुसरा चढला आणि त्याने जॉनला खाली उतरविले. पाठोपाठ छप्पर आत कोसळले. आपल्याला कशासाठी तरी वाचविले गेले आहे, ही जाणीव त्यांच्या मनातून पुढे कधी गेली नाही.

सुझॅनाबाईंची आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. १७११-१२ च्या सुमारास पती लंडनला गेले असता त्यांनी रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांसाठी व नोकरांसाठी प्रार्थना चालविली. हळूहळू शेजारी येऊ लागले आणि संख्या सुमारे दोनशेपर्यंत गेली. साहाय्यक धर्मोपदेशकाच्या सभेपेक्षा ही गर्दी मोठी! त्याने रागावून सॅम्युअल यांना कळविले. स्त्रीने असे करणे शोभत नाही, असे पतीनेही लिहिले. त्यावर या साध्वीने नम्रपणे, परंतु ठामपणे उत्तर धाडले की, आपण स्पष्ट आज्ञा द्यावी, म्हणजे या जीवांची जबाबदारी आपल्या शिरावर राहील. अशी आज्ञा काही आली नाही.

विद्या, व्रत आणि अपयश

लंडनचे चार्टरहाउस विद्यालय व ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च महाविद्यालय येथे जॉन यांचे शिक्षण झाले. १७२६ मध्ये ते लिंकन कॉलेजचे फेलो झाले. तेथे दोघे बंधू व त्यांचे मित्र यांनी एक लहान मंडळ स्थापन केले. ठरल्या वेळी प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास, तुरुंगातील कैद्यांची भेट असा त्यांचा काटेकोर दिनक्रम असे. या नियमनिष्ठेची टवाळी करण्यासाठी इतर विद्यार्थ्यांनी त्यांना 'मेथॉडिस्ट', म्हणजे पद्धतीने चालणारे, असे नाव ठेविले. पुढे हेच नाव भूषण ठरले.

याच काळातली एक आठवण चरित्रकार सांगतात. वेस्लींनी खोलीसाठी काही चित्रे विकत घेतली होती. कडाक्याच्या थंडीत एक गरीब मोलकरीण पातळ कपड्यांनिशी दाराशी आली. तिला उबदार वस्त्रासाठी पैसे द्यावे म्हणून त्यांनी खिशात हात घातला, तर फारसे काही उरलेच नव्हते. भिंतीवरची ती चित्रे म्हणजे या मुलीचे रक्त, असे त्यांच्या मनाला डाचले. त्यांनी आपला खर्च वर्षाला २८ पौंडांवर बांधून घेतला. मिळकत ३० पौंडांची होती तेव्हा दोन पौंड दान केले. ती ६०, ९० आणि १२० पौंडांवर गेली तरी स्वतःसाठी २८ च ठेविले. दान मात्र ९२ पौंडांपर्यंत वाढले.

तथापि या कठोर व्रताने शांती मिळाली नाही. १७३५ च्या ऑक्टोबरात ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीकडे निघाले. वाटेत भयंकर वादळ झाले. इंग्रज प्रवासी आक्रोश करू लागले. परंतु मोरेव्हियन पंथाची जर्मन कुटुंबे, त्यांतील बायकामुलेसुद्धा, शांतपणे स्तोत्रे गात राहिली. आपल्यापाशी नियम आहेत, पण ही निर्भयता नाही, हे वेस्लींना उमगले. जॉर्जियातही त्यांच्या पदरी अपयशच आले. ज्या तरुणीवर त्यांचे मन जडले होते, तिने दुसऱ्याशी विवाह केला. पुढे त्यांनी तिला प्रभुभोजनाचा विधी नाकारला. प्रकरण न्यायालयात गेले आणि खिन्न मनाने ते १७३८ च्या फेब्रुवारीत मायदेशी परतले.

त्याच वर्षी २४ मे रोजी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका छोट्या सभेत ते अनिच्छेनेच गेले होते. तेथे ल्यूथरच्या एका प्रस्तावनेचे वाचन चालू होते. पावणेनऊच्या सुमारास आपल्या अंतःकरणात एक अनोखी ऊब पसरल्याचे त्यांना जाणवले. आपण क्षमा पावलो आहोत, असा दृढ विश्वास वाटू लागला. नियम तेच राहिले, परंतु आता त्यांत प्राण आला.

उघड्या आकाशाखाली

बऱ्याच चर्चची दारे आता त्यांना बंद झाली, कारण त्यांची प्रवचने प्रतिष्ठितांना झोंबत. जॉर्ज व्हाइटफील्ड या मित्राने ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथे कोळशाच्या खाणीतील मजुरांपुढे मैदानात प्रवचने सुरू केली होती. शिस्तप्रिय वेस्लींना हे प्रथम अप्रशस्त वाटले. पण २ एप्रिल १७३९ रोजी तेही उघड्यावर, सुमारे तीन हजार लोकांपुढे उभे राहिले. १७४२ मध्ये एपवर्थला गेले असता तेथील धर्माधिकाऱ्याने त्यांना आपल्या वडिलांच्याच चर्चमध्ये बोलू दिले नाही. तेव्हा अंगणातील पित्याच्या समाधीशिळेवर उभे राहून त्यांनी अनेक संध्याकाळी प्रवचन केले. त्यांच्यावर दगडफेक झाली, जमाव चाल करून आले. तरी पहाटे चारला उठून घोड्यावर बसण्याचा नेम चुकला नाही. आयुष्यात त्यांनी सुमारे अडीच लाख मैल प्रवास केला व चाळीस हजार प्रवचने दिली, असा चरित्रकारांचा अंदाज आहे.

एका पेनीची कथा

परंतु प्रवचनाने पेटलेली ज्योत घरी गेल्यावर विझते, हे वेस्लींनी ओळखले होते. तिला जपण्याची युक्ती मात्र अनपेक्षित वाटेने आली. ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी १५ फेब्रुवारी १७४२ रोजी सभा भरली. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने केली. कित्येकांना तेवढेही परवडणार नाही, अशी शंका निघाली. तेव्हा त्याने सांगितले की, सर्वांत गरीब अशी अकरा माणसे माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन आणि जे देऊ शकणार नाहीत त्यांचे मी भरीन.

पेनी गोळा करण्यासाठी प्रमुख मंडळी घरोघर जाऊ लागली, आणि मग घरांचे खरे रूप दिसू लागले. कोणी दारूच्या आहारी गेलेला, कोणाचा पत्नीशी नित्य कलह, कोणी आजारी, कोणी हताश. आपण ज्याच्या शोधात होतो ते हेच, असे वेस्लींना वाटले. सुमारे बारा जणांच्या अशा गटाला 'वर्ग' म्हणत. आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे, प्रत्येकाने आपल्या आत्म्याची स्थिती सांगायची, चुकलेल्याला सावरायचे, अडलेल्याला हात द्यायचा. वर्गप्रमुख कोणी पंडित नसे. तो शिंपी, चांभार किंवा साधा कामगार असे. पुष्कळ वर्गांच्या प्रमुख स्त्रिया होत्या. १७६१ मध्ये डर्बी येथे सारा क्रॉस्बी या बाईंच्या वर्गाला सुमारे दोनशे लोक जमले. त्यांनी सर्वांना उपदेश केला व वेस्लींनी त्याला आडकाठी केली नाही. सुझॅनाबाईंच्या स्वयंपाकघराची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

संख्येचा मोह वेस्लींना नव्हता. १७४३ मध्ये न्यूकॅसल येथे त्यांनी ६४ सभासदांना मंडळीतून काढले. त्यांत दारूबाजीसाठी १७, सवयीने खोटे बोलण्यासाठी ३, पत्नीला मारहाण केल्याबद्दल १ आणि निव्वळ उथळपणा व बेफिकिरीसाठी तब्बल २९ जण होते. कारणांची ही यादी पाहिली की ध्यानात येते, येथे मोजला गेला तो रविवारचा नव्हे, तर सोमवार ते शनिवारचा धर्म.

मात्र कठोरपणाबरोबर करुणाही तितकीच होती. लंडनच्या 'फाउंडरी' या जुन्या तोफांच्या कारखान्यात त्यांनी १७४६ मध्ये गरिबांसाठी मोफत दवाखाना आणि तीन महिन्यांत फेडण्याच्या छोट्या कर्जांचा निधी सुरू केला. सामान्यांसाठी घरगुती औषधांचे पुस्तक लिहिले. १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली. १७८५ च्या जानेवारीत, वयाच्या ८१ व्या वर्षी, वितळत्या बर्फात घोट्यापर्यंत पाय बुडवीत ते लंडनच्या रस्त्यांवरून चार दिवस फिरले आणि गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड भिक्षा मागून आणली. त्यानंतर ते आजारी पडले.

या थोर पुरुषाच्या संसारात मात्र सुख नव्हते. १७५१ मध्ये केलेला विवाह सततच्या भ्रमंतीने आणि परस्परांच्या अविश्वासाने विस्कटला. इतरांच्या घरांची विचारपूस करणाऱ्याचे स्वतःचे घर उभे राहिले नाही, हे सांगितल्यावाचून हे चरित्र प्रामाणिक होणार नाही.

अखेरची चिंता

१७८६ मध्ये, ८३ व्या वर्षी, त्यांनी आपल्या पंथाविषयी एक छोटा निबंध लिहिला. पंथ नाहीसा होईल, ही भीती त्यांना नव्हती. तो टिकेल, पण निष्प्राण होऊन टिकेल. विधी राहतील आणि सामर्थ्य जाईल, ही त्यांची खरी भीती होती. कारणही त्यांनी नेमके हेरले होते. धर्माने माणूस उद्योगी व काटकसरी होतो. त्यातून संपत्ती येते. संपत्तीबरोबर गर्व व सुखलोलुपता येते आणि ज्या धर्माने संपत्ती दिली तोच ओसरतो. यावर त्यांनी एकच उपाय सांगितला. सन्मार्गाने मिळवावे, काटकसरीने राखावे आणि मग सढळ हाताने देऊन टाकावे. पहिल्या दोन गोष्टी लोक आनंदाने करतात व तिसरी विसरतात, ही त्यांची खंत होती.

२ मार्च १७९१ रोजी लंडनमध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. थाटाची अंत्ययात्रा नको, सहा गरीब माणसांनी शवपेटी वाहावी आणि त्यांना प्रत्येकी एक पौंड द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते. तेव्हा ब्रिटन व आयर्लंडमध्ये त्यांचे सुमारे सत्तर हजार अनुयायी होते. पुढे हा पंथ जगभर गेला. १८७१-७२ मध्ये विल्यम टेलर या अमेरिकन धर्मोपदेशकाने मुंबईत काम सुरू केले, तेव्हा तेथेही घराघरांतून असेच लहान वर्ग भरू लागले.

वेस्लींची भीती कोठे खरी ठरली आणि कोठे खोटी, याचा निवाडा त्यांच्या अनुयायांनी करावा. आम्हांला एवढेच वाटते की, सणाचे दिवे उजळत असताना त्या पेनी गोळा करणाऱ्याची आठवण ठेवावी. तो पैशासाठी दार ठोठावीत आला, आणि दार उघडल्यावर आत कोणी दुःखी तर नाही ना, हे पाहू लागला. धर्म जिवंत आहे की नाही, याची परीक्षा त्या उंबरठ्यावर होते.